ओळख देणाऱ्याची सही

"लखन बिभीषण देवकते," खिडकीतल्या बाईंनी पुकारा केला आणि तो उठून उभा राहिला. उभा राहिल्यावर त्याला कळलं की बोलावणं आपल्याला नाही. नाव त्याचंच होतं, पण गेल्या बावीस वर्षांत त्या नावाला त्यानं ओ दिलेली नव्हती. आधारकार्डावर, पासपोर्टवर, नोकरीच्या ओळखपत्रावर, लग्नाच्या पत्रिकेवर, पोराच्या जन्मदाखल्यावर तो सोमनाथ होता. बीडमध्ये त्याला लहानथोर सगळे सोमनाथ सर म्हणत. तहसिलीजवळच्या या सेतू केंद्रात तो आला होता पोराच्या रहिवासी दाखल्यासाठी. नंबर यायला अजून तास तरी होता आणि पाय मात्र मनाला न विचारता उठले होते. सहा फूट पाच इंचाचा माणूस भर दुपारी गर्दीत विनाकारण उभा राहिला की सगळ्यांच्या माना वर होतात, तशा झाल्या. त्याच वेळी पहिल्या रांगेतला एक माणूस खुर्चीतून अर्धा उठला, मागं वळून कोण उभं आहे ते त्यानं बघितलं आणि तो परत खाली बसला. तो त्याचा धाकटा भाऊ होता.

त्या बसण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. एसटीत थोरलं माणूस चढलं की आपण अंग चोरून जागा करून देतो, तेवढंच ते सहज होतं. म्हणूनच ते लखनच्या जिव्हारी लागलं. धाकट्याशेजारी त्याची मुलगी सुकन्या होती, शाळेच्या गणवेशातच आलेली. तिनं बापाचा दंड हलवला. "आप्पा, आपलंच नाव हाय, उठा की." मग धाकटा उठला, टोपी सारखी करत खिडकीपाशी गेला. बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, ओळख देणारा कुठाय. गावातला शेजारी पंडित येणार होता, गेवराईच्या पुढं वाहतूक तुंबलीय, त्यात अडकलाय म्हणं, असं काहीतरी धाकटा म्हणाला. चारच्या आत माणूस आणा, नाहीतर सोमवारी या, सोमवारनंतर तुमची फॉर्मची तारीख संपते ते तुमचं तुम्ही बघा, असं बाईंनी सांगितलं. लखन केव्हा खाली बसला ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. खुर्ची त्याला नेहमीच आखूड पडायची, आज गुडघे कुठं ठेवावेत तेच कळेना. डाव्या गुडघ्यातली जुनी कळ जागी झाली होती. आठ महिन्यांत तो भावाला भेटला नव्हता. बीडहून गावाकडं जायला गाडीनं पाऊण तास लागतो.

नावांची ही अदलाबदल जगात पाच माणसांना ठाऊक होती. त्यातले दोघे, वडील आणि तानाजी मास्तर, वारले. आई सारजाबाई होती, पण तिनं त्या दिवसापासून कुठल्याच मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. एकाला ती थोरल्या म्हणे, दुसऱ्याला धाकल्या. तेजश्रीला, म्हणजे लखनच्या बायकोला, सासूची ही खोड गोड वाटायची. उरले हे दोघे भाऊ. खरं सांगायचं तर सुरुवात इतकी साधी होती की त्या वेळी त्यात पाप आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. मांजरसुंब्याच्या चौकात बिभीषणाची मेंढरं हमरस्ता ओलांडत होती आणि दोन्हीकडं ट्रक थांबलेले. एक कोकरू मागं राहिलं. सोळा वर्षांच्या लखननं ते एका हातानं उचलून समोरच्या टेम्पोच्या फाळक्यावरून पलीकडं उभ्या बापाच्या हातात दिलं, टाचासुद्धा न उचलता. त्या टेम्पोमागच्या जीपमध्ये तानाजी मास्तर होते. ते कुठल्याशा शाळेत खेळ शिकवायचे आणि चांगल्या उंचीचं पोर दिसलं की त्यांची तहानभूक हरपायची. ते उतरले, त्यांनी पोराला वरखाली न्याहाळलं, तळवा उघडायला लावून त्याची वीत मोजली. "किती वर्षांचा हाय हा?" बिभीषण म्हणाला, "गोदेला मोठा पूर आलता, त्याच्या म्होरल्या साली झाला." "शाळा?" "थोरला हाय तो. थोरला मेंढरामागं, धाकला शाळंत." तशी रीतच होती त्यांच्यात. एका पोराची काठी, एका पोराची पाटी, म्हणजे घर दोन पायांवर उभं राहतं.

मास्तर तिसऱ्या दिवशी वाड्यावर आले. वाडा म्हणजे वडवणीच्या माळावर एका शेतकऱ्याच्या रानात बसवलेली मेंढरं, तीन दगडांची चूल आणि पाठीला बिऱ्हाड बांधलेलं घोडं. खेळाच्या वसतिगृहात जागा होती. राहणं, खाणं, बूट, शिक्षण सगळं फुकट, आणि पोर चमकलं तर पुढं नोकरी. पण चौदाच्या आतलं आणि सातवी पास पोर पाहिजे. लखन सोळाचा होता आणि त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तेरा वर्षांचा आणि सातवी पास होता धाकटा सोमनाथ, आसपासच्या बारा शाळांत पहिला आलेला, पण त्याची उंची बापावर गेलेली, म्हणजे बेताची. मास्तरांनी डोक्याला हात लावला. मग त्यांनीच हलकेच विषय काढला, कागद धाकट्याचा, पोर थोरला. सगळीकडं चालतं, कोण बघतंय. बिभीषण बराच वेळ काडीनं दात कोरत बसला. "मेंढीचं कोकरू मेलं तर आपुन काय करतो?" तो अखेर म्हणाला. "त्याचं कातडं काढून दुसऱ्या बिनआईच्या कोकराच्या आंगावर घालतो. मेंढी वास घेती आन पाजती. सरकार बी कागदाचा वास घेतंय. आजपून ह्यो सोमनाथ, त्यो लखन. घरात बी त्याच नावानं हाका मारायच्या, जिभंला वळण लागाया पायजे." त्यानं देवापुढचा भंडारा दोघांच्या कपाळाला लावला आणि प्रकरण मिटलं. बापाच्या त्या बोलण्याचं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं, लखनलाही. कातडं काढायचं तर आधी एक कोकरू मेलेलं असावं लागतं, हे त्याच्या डोक्यात पुष्कळ वर्षांनी शिरलं.

धाकटा तेव्हा एवढंच म्हणाला होता, "मंग मी?" "तू मेंढरामागं," बाप म्हणाला. "आठवीला दुसऱ्या शाळंत जाईन की," धाकटा म्हणाला, तेव्हा मास्तरांनी त्याला समजावून सांगितलं की शाळा सोडल्याचा दाखला एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा मिळते ती नक्कल, आणि ती मागायला गेलं की अस्सल कुणी नेला हा प्रश्न निघतो. हुशार पोर ते, एकदा सांगितल्यावर त्याला कळलं. त्यानं आपलं दप्तर आणून लखनपुढं ठेवलं. त्यात कंपासपेटी होती, पितळी रंगाचं कर्कटक असलेली. ते टोकदार यंत्र कशाचं, हे लखनला ठाऊक नव्हतं, मेंढरांच्या खुरातले काटे काढायला बरं पडेल असं त्याला वाटलं. त्या पावसाळ्यानंतर बिभीषणानं वाडा उचलला तो पार गोदावरीच्या अंगाला नेला, जिथं पोरांना कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या लोकांनी जी नावं ऐकली तीच खरी मानली. मेंढपाळाच्या घराला पत्ता नसतो याचा असा उपयोग झाला.

वसतिगृहात लखन अंगानं मोठा आणि अकलेनं पोर असा दोन्हीकडून हास्याचा विषय होता. बास्केटबॉलचा चेंडू मात्र त्याच्या हातात असा बसायचा की हसणारे गप्प होत. पहिल्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा अक्षरओळखीपुरतं त्याला धाकट्यानंच शिकवलं. मेंढरं दुपारची बाभळीखाली बसली की दोघे भाऊ समोरासमोर बसत आणि धाकटा काठीच्या टोकानं मातीत अक्षरं काढी. आठ दिवसांत त्यानं थोरल्याला जोडाक्षरांपर्यंत आणलं. शिकवून झालं की तो लखनच्या पिशवीतली आठवीची पुस्तकं काढून वाचत बसायचा. बीजगणित, भूगोल, जे हाताला लागेल ते. सुट्टी संपली तेव्हा लखन पुस्तकं पिशवीत भरून परत घेऊन गेला. वसतिगृहात तो ती उघडतसुद्धा नव्हता. दोन पुस्तकं ठेवून गेलो असतो, हरवली म्हणून सांगितलं असतं, तर कुणी फाशी दिली असती का? हा प्रश्न पुढं त्याला कुठंही गाठायचा. विमानात, हॉटेलच्या अंघोळीच्या टबात, लग्नात अक्षता पडताना. दाखला बापानं दिला होता, अक्कल मास्तरांची होती, त्या दोघांच्या डोक्यावर खापर फोडता यायचं. पुस्तकं मात्र त्यानं स्वतःच्या हातानं भरली होती.

पुढचं सगळं बीडच्या लोकांना पाठ होतं. शाळांच्या गल्लीबोळातून तो राज्याच्या संघात गेला, तिथून देशाच्या, आणि मग आधी बहरीनला दोन वर्षं आणि नंतर मंगोलियात तीन वर्षं पैसे घेऊन खेळला. धनगराचं पोर परदेशात चेंडू खेळतं म्हणून गावोगाव फलक लागले. बहरीनचं त्याला फारसं काही आठवत नसे, गार हवेची यंत्रं आणि घामाला येणारा समुद्राचा वास तेवढा. मंगोलिया मात्र अंगात राहिला. उलानबातरच्या त्या बंदिस्त मैदानात बाहेर उणे तीस आणि आत हजारभर माणसं, त्यांच्या अंगातल्या कातडी कोटांना मेंढरांचा वास. पहिल्याच सामन्यात तो वास आला आणि त्याचे दोन चेंडू हातातून सुटले. लोक नगारा वाजवून त्याच्या पाठीवरचं नाव ओरडत. सोम-नात, सोम-नात, असं दोन तुकड्यांत. नगाऱ्याच्या एकेका ठोक्याला एकेक तुकडा. बाकीचे खेळाडू आपलं नाव ऐकलं की छाती ठोकत. लखनला दर वेळी वाटायचं, ज्याला बोलावताहेत तो आला नाहीये. एकदा त्याचा एक सोबती त्याला आपल्या बापाच्या तंबूवर घेऊन गेला. म्हाताऱ्यानं थट्टेनं एक मेंढरू पकडून दाखव म्हटलं. लखननं कळपात न पळता, न ओरडता हात घातला, मागचा पाय धरून मेंढरू अलगद आडवं केलं, आणि म्हातारा इतका हरखला की त्यानं त्याचे दोन्ही हात हातात घेऊन नाव विचारलं. तिथं कागद नव्हता, मास्तर नव्हते, कुणाला काही कळणार नव्हतं. खरं नाव जिभेवर आलं होतं. तरी तो सोमनाथच म्हणाला. बापाच्या मनासारखं जिभेला वळण लागलेलं होतं.

त्या सामन्यांचे तुकडे तो घरी मोबाईलवर पाठवायचा. आई फोनवर सांगायची, बघितलं रं, सगळ्यांनी बघितलं, पोरीनं दहादा बघितलं. एकदा ती म्हणाली, धाकला बघतच न्हाई नीट, नुसता कानाला लावून बसतोय. लखननं विचारलं, म्हंजी? तर म्हणाली, ते लोक वरडत्यात ना, तेवढंच ऐकतोय आन मोबाईल परत देतोय. फोन ठेवल्यावर लखन त्या परक्या खोलीत पलंगावर बसून राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो खेळायला गेला आणि त्या मोसमातला त्याचा सगळ्यात चांगला खेळ झाला, हीसुद्धा त्याला नंतर शरमेची गोष्ट वाटत राहिली. गुडघा गेला तेव्हा त्याला आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं होतं. पण देवाची शिक्षा असेल तर ती फार सोयीची निघाली. परत आल्यावर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी मिळाली, बीडला सदनिका मिळाली, आणि साहेबांनी जिल्ह्याच्या स्पर्धांमधलं वयतपासणीचं काम नेमकं त्याच्याच गळ्यात घातलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात ते खरं. खोटा जन्मदाखला त्याच्यासारखा कुणाला ओळखू येत नसे. कागदाची घडी, शाईचा रंग, बापाची नजर, कुठूनही त्याला ते कळायचं. गेल्याच महिन्यात त्यानं चौदाखालच्या संघातली एक उंच पोरगी बाद केली. तिची आई हात जोडून म्हणाली होती, सर, एवढं एक डाव सोडा, आमच्यात पहिल्यांदाच कुणी घराभायेर पडतंय. नियम म्हणजे नियम, असं तो म्हणाला होता. लोक त्याला कडक म्हणून मानत.

"दादा, चहा घिऊ चल," धाकटा त्याच्या खुर्चीपाशी येऊन म्हणाला. त्यानं झेरॉक्ससाठी सुकन्याला रस्त्यापलीकडं पाठवलं होतं. दोघे बाहेरच्या टपरीवर आले. लखन बाकावर बसला तेव्हा दोघांची डोकी एका पातळीला आली. भावाचे कानाजवळचे केस पांढरे झालेले त्यानं पहिल्यांदा बघितले. कागदावर तो अडतीसचा होता, खरा पस्तिसाचा, आणि दिसत होता पंचेचाळिशीचा. "मला फोन कावून न्हाई केला?" लखननं विचारलं. "तुजी हापिसची येळ. आन पंडित येणारच हुता." धाकट्याच्या हातात प्रतिज्ञापत्राचा कागद होता. लखननं तो मागितला नाही, नुसता हात पुढं केला. त्यात छापलं होतं, मी लखन बिभीषण देवकते, वय अडतीस, धंदा मेंढीपालन, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, मी आजपर्यंत कोणत्याही शाळेत प्रवेश घेतलेला नाही व कोणतेही शालेय शिक्षण घेतलेले नाही. लखननं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली.

"हे कशाला रं?"

"मुक्त शाळंची परीक्षा हाय. पाचवीची. शाळा न बघितलेल्या माणसाला बी बसता येतं, फकस्त असं लिहून द्यावं लागतं." धाकटा चहा बशीत ओतत म्हणाला. "मंग आठवीची हाय. मंग धाव्वी. सुकन्या पुढल्या साली धाव्वीला जाती. तिच्या मागनं मी."

"तू सातवी पास हायस. बारा शाळांत पहिला आलतास."

"कागद हाय का माज्याकडं?"

हे त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं, जणू खरोखरच लखनकडं असला तर बघावा म्हणून. आणि कागद लखनकडंच होता. घरी लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पदकांच्या शेजारी. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कशाला पायजे पर आता परीक्षा?" तो म्हणाला आणि म्हणताक्षणी आपली जीभ झडावी असं त्याला वाटलं. धाकट्यानं मात्र मनाला लावून घेतलं नाही. "काय न्हाई," तो म्हणाला, "पेपर सोडवायची लई हौस हाय. घंटा हुती, पेपर देत्यात, सगळे गप असत्यात. ते एकडाव परत पायजे. नौकरी का लागणार हाय मला?"

मग लखन बोलला. जे वाक्य तो कितीक वर्षं मनात घोळवत होता, मंगोलियाच्या बर्फात, पोराच्या बारशात, त्या उंच पोरीच्या आईसमोर, ते अखेर त्यानं एका टपरीच्या बाकावर बसून उच्चारलं. "मी सांगून टाकतो सगळं. आत्ता जातो, लेखी देतो. नौकरी जाऊ दे, पदकं घेऊ दे परत, केस करू दे. तुजं नाव तुला मिळूं दे. ह्या कागदावर तू सही करायची न्हाई." बोलता बोलता त्याच्या छातीवरचा धोंडा हलला. श्वास खोल गेला. कितीतरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं, डोळे भरून आले, आणि आपण चांगला माणूस आहोत असं त्याला क्षणभर खरोखर वाटलं. धाकट्यानं बशी तोंडाला लावली, चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"आन मंग?" तो म्हणाला.

"मंग काय? जे व्हायचं ते हुईल माजं."

"तुजं हुईल. माजं काय हुईल?" धाकट्याचा आवाज चढला नव्हता. "चौकशी लागंल. लखन कोण, सोमनाथ कोण. माजं आधार, रेशन, संगीताशी लगनाचे कागद, सुकन्याचा जातीचा दाखला, समदं लखनच्या नावानं हाय. ते समदं लटकंल. आठ वर्सं चालंल, धा वर्सं चालंल. पोरगी धाव्वीला चालली, दादा. आन मी परीक्षा कवा द्यायची? तुजी चौकशी संपल्यावर?"

लखननं हातातला कागद गुडघ्यावर ठेवून त्याची घडी सारखी केली.

"तवा बी तुलाच जायचं हुतं म्हणून मी थांबलो," धाकटा म्हणाला. "आता मोकळं व्हायचं हाय ते बी तुलाच. त्याच्यासाटी मी परत थांबू का?"

रस्त्यावरून ऊसतोडीच्या मजुरांचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजात काही वेळ बोलणं शक्य नव्हतं. बरं झालं. लखन स्वतःच्या हातांकडं बघत बसला. एका पंजात चेंडू धरणारे ते हात, त्यांचे फोटो छापून आलेले. आपण देऊ केलं त्यातही आपणच घेणार होतो, हे इतकं उघड असून आपल्याला कसं दिसलं नाही? बावीस वर्षं तो समजत होता की खरं बोलायची आपल्यात हिंमत नाही, एवढाच आपला गुन्हा. हिंमत झाली की फिटलं. आता हिंमत झाली होती आणि ती कुणाला नको होती. ट्रॅक्टर लांब गेल्यावर त्यानं विचारलं, "तुला राग येत न्हाई माजा?" "लई यायचा," धाकटा म्हणाला. "मेंढरांना हाणायचो. मुकी जनावरं ती. एकदा एका गाभण मेंढीला लागलं. मंग सोडलं." मग लखननं दुसरी गोष्ट विचारली, जी त्याला जास्त छळत होती. "सुकन्याला ठावं हाय?" "न्हाई." "तिला काय सांगितलंस?" धाकटा पहिल्यांदा हसला. "शाळंचं भ्या वाटायचं मला, मास्तर दिसला की बाभळीवर चढून बसायचो, असं सांगितलं. लई हसती ती. वाचायला कसं येतं म्हणाली, तर म्हणलं एसटीच्या पाट्या बघून शिकलो. तवापासनं रोज माजी शिकवणी घेती. भागाकार शिकवला मला. मी शिकतो."

"तिला येवढं बी खरं सांगू नये?"

"सांगितलं तर ती तुज्याकडं कसं बघंल?" धाकटा म्हणाला. "काका म्हणून जीव टाकती ती तुज्यावर. तुजा फोटू हाय तिच्या वहीत."

सुकन्या झेरॉक्स घेऊन पळतच आली. पंडितकाकाचा फोन आला होता, तो काही चारच्या आत पोचत नव्हता. मग तिला एकदम सुचलं आणि तिनं काकाचा हात धरला. "काका हायेत की, आप्पा. काका देतील ओळख." "नको," धाकटा चटकन म्हणाला, "काकाला कामं हायेत. सोमवारी यिऊ." "सोमवार शेवटचा हाय, तवा बी कुणी न्हाई आलं तर? एक सही तर करायचीय." तिनं लखनकडं असं बघितलं की त्यात शंकेला जागाच नव्हती. लखननं भावाकडं बघितलं. धाकटा बशीकडं बघत होता. नको म्हणताना त्यानं आपल्याला वाचवलं होतं, हे लखनला कळलं, आणि या वेळी वाचायचं नाही एवढंच त्याला करता येण्यासारखं होतं. "चला," तो म्हणाला.

खिडकीतल्या बाईंनी त्याला ओळखलं. त्यांचा मुलगा मैदानावर यायचा. "सर, हे तुमचे भाऊ? सांगायचं नाही का आधी?" मग कागदावर नजर फिरवत त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढे परदेशी जाऊन आलात आणि भावाला शाळेतच नाही घातलं कुणी?" लखननं तोंड उघडलं. पण उत्तर सुकन्यानंच दिलं, हसत हसत. "आमचे आप्पा शाळेला भ्यायचे, मॅडम. झाडावर चढून बसायचे." मागच्या रांगेतले दोघेतिघे हसले. धाकटाही हसला, ठरलेल्या जागी हसावं तसा. बाईंनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. "अंगठा करा इथं."

"अंगठा नाही," सुकन्या म्हणाली. "आप्पा सही करतात. मी शिकवलीय."

धाकट्यानं पेन घेतलं. चारी बोटांनी मुठीत धरलं, खुरपं धरावं तसं. कागदावर वाकला आणि ल काढला, मोठा, एका बाजूला कललेला. थांबून पोरीकडं बघितलं. तिनं मान हलवली. मग ख, त्याचे दोन भाग एकमेकांपासून लांब पडलेले. तो परत थांबला. सुकन्याचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. न च्या उभ्या रेघेला त्यानं हात इतका थरथरवला की रेघ खाली वाहत गेली. वरची ओळ ओढताना ती शेवटाला घसरली, आणि पोरीनं नि:श्वास सोडला, जमलं म्हणून. लखन शेजारी उभा राहून बघत होता. ज्या हातानं त्याला मातीत अक्षरं काढून दाखवली होती, तो हात पोरीच्या आनंदासाठी चुकत चुकत चालला होता, आणि एकाही ठिकाणी चुकायला विसरला नव्हता.

"आता सर तुम्ही," बाईंनी बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, वरील इसमास मी व्यक्तिशः ओळखतो. त्याच्याखाली रेघ. लखननं पेन घेतलं. रेघेवर टेकवलं. अजूनही तिथं आपलं खरं नाव लिहायला वाव होता, ते लिहिलं तर सगळं उघडं पडलं असतं आणि त्याला मोकळा श्वास घेता आला असता. भाऊ त्याच्याकडं बघत होता. सुकन्याही बघत होती. त्यानं सही केली, सोमनाथ देवकते, एका दमात, वळणदार, बावीस वर्षं शेकडो पोरांच्या वह्यांवर आणि चेंडूंवर केलेली.

सुकन्यानं कागद उचलून दोन्ही सह्या शेजारी शेजारी बघितल्या. "आप्पा, तुमाला बी येईल अशी," ती म्हणाली. "रोज एक पान काढलं तर."

"येईल की," धाकटा म्हणाला.